वाचनाला उरलेली अकरा मिनिटं

एका शालीला अडीच मिनिटं लागतात. नाव पुकारायचं, पाहुण्यानं उठता उठता "कशाला, कशाला" म्हणायचं, शाल उलगडायची, नारळ कुठल्या हातात द्यायचा यावर देणाऱ्या-घेणाऱ्यात थोडी ओढाताण व्हायची, आणि फोटोवाला "सर, इकडं" म्हणेपर्यंत दोघांनी तो नारळ धरून उभं राहायचं. अंबाजोगाईत एकवीस वर्षं प्राध्यापकी करताना हे मी घड्याळ लावून पाहिलेलं आहे. मला सवयच आहे. कोण सत्कार नको नको म्हणत पहिल्या रांगेत येऊन बसतो, कोणाचे 'दोनच शब्द' किती मिनिटांचे असतात, कोण आभाराच्या वेळी नेमका फोन घेऊन बाहेर जातो, हे सगळं माझ्या वहीत टिपलेलं असतं. आमचे क्रीडा संचालक अंगद तिडके तिला चित्रगुप्ताची वही म्हणतात. सगळ्या कॉलेजातल्या माणसांचं पान तिच्यात आहे. माझं नव्हतं.

गेल्या जानेवारीत आमच्या कॉलेजला एक कार्यशाळा मिळाली. शास्त्रीय कामासाठी कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहिणाऱ्या लोकांचं प्रशिक्षण, तीन दिवस, तीस जण. कुणी पावसाच्या नोंदींवर काम करणारा, कुणी वैद्यकीय महाविद्यालयात रुग्णांच्या तपासण्यांची आकडेमोड करणारा, कुणी कापसावरच्या बोंडअळीचा अंदाज बांधणारा. ही माणसं आपापल्या विषयात हुशार असतात, पण प्रोग्राम लिहितात घाईघाईनं, आणि सहा महिन्यांनी स्वतःचंच लिहिलेलं त्यांना कळत नाही. त्यांना शिस्त लावायची, असा हेतू. पुण्याहून डॉ. आरोही म्हणून एक बाई मुख्य प्रशिक्षक होत्या. समन्वयक मी, प्रा. डॉ. गहिनीनाथ शिनगारे, भौतिकशास्त्र.

आरोही मॅडमनी पाठवलेल्या आराखड्यात पहिल्या दिवशी दहा ते अकरा उद्घाटन होतं आणि अकरा ते एक 'एका खऱ्या प्रोग्रामचं वाचन'. पडद्यावर प्रोग्राम उघडायचा आणि ज्यानं लिहिला त्यानं ओळीओळीनं सांगायचं, हे असं का केलं, इथं काय चुकलं. त्यासाठी त्यांनी निवडलेल्या प्रोग्रामचं नाव 'विहीर'. केज तालुक्यातल्या विहिरींच्या पाण्याच्या नोंदी घेऊन पाणी कुठल्या महिन्यापर्यंत पुरेल ते सांगणारा. लेखक म्हणून त्यावर माझं नाव होतं.

तो प्रोग्राम मला वाचता येत नव्हता.

लपवून काय करू? एकही ओळ माझी नव्हती. चार वर्षांपूर्वी चैताली सरवदे एम.एस्सी.ला असताना तिनं तो लिहिला. केजहून एसटीनं यायची, शनिवार-रविवार गावोगाव हिंडून दोरीला खुणा करून विहिरी मोजायची आणि आठवडाभर लॅबमध्ये टाइप करत बसायची. मी मार्गदर्शक होतो, म्हणजे सह्या करत होतो. शोधनिबंधावर आधी माझं नाव आलं, मग तिचं. विद्यापीठात बक्षीस मिळालं तेव्हा मंचावर एकच खुर्ची होती, मी बसलो. पुढं कुणी विचारलं की "माझं विहिरीवर काम आहे" असं तोंडात बसलं. कुणाला फसवायचं असं कधी ठरवलं नव्हतं. फक्त दरवेळी दुरुस्त करायचं राहून गेलं. आता चैताली आमच्याकडंच तासिका तत्त्वावर शिकवत होती. म्हणजे दर जूनला तिला तास द्यायचे की नाही, ती यादी माझ्या सहीनं वर जायची.

नियोजनाची पहिली बैठक प्राचार्य विजयसिंहांच्या केबिनमध्ये झाली. मराठीच्या वत्सलाबाई स्वागत समितीच्या प्रमुख, अंगद मंच व्यवस्थेला, आणि चैताली सगळ्यांत धाकटी म्हणून इतिवृत्त लिहायला. मी जाण्याआधीच ठरवलं होतं की त्या दोन तासांचा घास उद्घाटनानं घ्यायचा. माझ्या माणसांवर माझा विश्वास होता.

"उद्घाटनाला एक तास?" मी आराखडा टेबलावर ठेवत म्हणालो. "पुण्याच्या लोकांना आपल्याकडची रीत कुठली माहीत. सत्कार सात धरलेत त्यांनी."

"सात?" वत्सलाबाईंनी चष्मा काढला. "अहो सर, संस्थेचे पदाधिकारीच सात आहेत. मग माजी प्राचार्यांनी कुठं जायचं?"

"माजी प्राचार्य तिघं हायती," अंगद म्हणाला. "एकाला बोलावलं अन् दोघांना न्हाई, तर दोघं गेटवर खुर्च्या टाकून बसतील."

"तिघांनाही घ्या," मी म्हणालो. "आणि शेजारच्या कॉलेजांचे प्राचार्य?"

"ते तर घ्यावेच लागतील," प्राचार्य म्हणाले. "मागच्या महिन्यात माझ्या गळ्यात त्यांनी एवढा मोठा हार घातलाय."

अशी गंमत चालली होती. मी फक्त आठवण करून देत होतो आणि माणसं आपणहून उड्या टाकत होती. स्वागतगीत आलं, चार पाहुण्यांची मनोगतं आली, अध्यक्षांचं भाषण अर्ध्या तासाचं झालं. वत्सलाबाईंनी "आभाराला दहा मिनिटं तरी हवीत, मनापासून मानायचे म्हटलं तर" असं सुचवलं. मी प्रत्येकाला मान डोलावत होतो. सत्कार वीसवर गेले.

तेवढ्यात कोपऱ्यातून चैतालीचा आवाज आला. "सर, मी बेरीज केली. चहा धरून एकशे एकोणसत्तर मिनिटं होतात. एक वाजेपर्यंत वाचनाला अकरा मिनिटं राहतात."

"अकरा मिनिटात काय वाचून हुतंय?" अंगद म्हणाला.

"धावतं वाचन करू," मी म्हणालो. "तोंडओळख."

"पण सर, मला वाटलं होतं त्या सत्रात आपण कठड्याची चूक सोडवून दाखवू. त्या सहा गावांची. सगळ्यांसमोर चूक दुरुस्त कशी करायची तेच तर शिकवायचंय."

कठड्याची कसली चूक, मला ठाऊक नव्हतं. "हो, हो, ती आहेच," मी म्हणालो. "ती पुढं बघू. तू सूत्रसंचालन कर. तुझा आवाज चांगला आहे. आणि समई आधी पुसून ठेवायला सांग, मागच्या वेळी पेटली नव्हती."

तिनं ते इतिवृत्तात लिहून घेतलं. समईसकट.

नवा आराखडा पुण्याला गेला आणि दोन दिवसांनी आरोही मॅडमनी व्हिडिओ कॉल लावला. लॅबमध्ये मोठ्या पडद्यावर त्या, इकडं मी, प्राचार्य, अंगद आणि जोडणी करून द्यायला चैताली.

"सर, वीस सत्कार?" मॅडम हसत होत्या. "ठीक आहे, तुमच्या गावची रीत मी मोडणार नाही. पहिला दिवस तुम्ही घ्या. वाचन दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवू. पूर्ण तीन तास."

म्हणजे दोनाचे तीन झाले. माझे वीस सत्कार फुकट.

"तयारी म्हणून एकच विचारते," त्या पुढं म्हणाल्या. "सहा गावांत कठड्याची उंची दोनदा वजा होतेय, हे चैतालीनं मला लिहिलं होतं. ते तुम्ही कसं सोडवणार?"

मी घसा साफ केला. काय वजा होतंय, कशातून होतंय, माझ्या डोक्यात काही येईना. विहीर आली, कठडा आला, आणि इतक्या वर्षांची सवय तोंडातून बाहेर पडली.

"संबंधित ग्रामपंचायतींना पत्र देऊ," मी म्हणालो. "कठडे त्यांच्याकडंच येतात."

प्राचार्यांनी मान डोलावली. अंगदनंही डोलावली. पडद्यावर आरोही मॅडम काही क्षण हलल्याच नाहीत. मला वाटलं नेट गेलं. माझ्या आयुष्यात नेट जावं असं इतकं कधी वाटलं नव्हतं.

चैतालीनं हळू आवाजात सांगितलं, जणू मलाच आठवण करून देत होती, "म्हणजे मॅडम, बाकी गावांत दोरी कठड्यावरून सोडली होती, म्हणून प्रोग्राम कठड्याची उंची वजा करतो. या सहा गावांत लोकांनी जमिनीपासूनच मोजून दिलं होतं, तरी तो वजा करतोच. त्यामुळं पाणी आहे त्यापेक्षा अडीच फूट वर दिसतं. सर तेच म्हणत होते, की गावांकडून मोजणीची खात्री करून घेऊ."

"अच्छा," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी पडद्यावर दुसरंच काहीतरी उघडलं. "मी या प्रोग्रामचा इतिहास बघत होते. कोणी, कधी, काय बदललं, सगळं यात राहतं ना. दोनशे चौदा बदल आहेत. दोनशे तेरा चैतालीच्या खात्यावरून. सरांच्या खात्यावरून एक."

तो एक त्यांनी मोठा करून दाखवला. तांबड्या पट्टीवर पुसलेली ओळ होती: लेखन, चैताली कचरू सरवदे. तिच्याखाली हिरव्या पट्टीवर घातलेली ओळ: लेखन, प्रा. डॉ. गहिनीनाथ शिनगारे. पुढं तारीख, आणि वेळ सुद्धा, दुपारी तीन वाजून बारा मिनिटं.

लोकांची मिनिटं टिपत फिरणारा मी, आणि माझं हे एक मिनिट चार वर्षं असं उघड्यावर पडलेलं होतं. कुणीही जाऊन बघावं. मला ते तिथं राहतं एवढंही माहीत नव्हतं.

"हे कसं?" मॅडमनी विचारलं. आवाज अगदी साधा.

मी तोंड उघडलं, पण आधी चैताली बोलली. "सर सांगायचे मॅडम, मी टाइप करायचे. आणि नाव बदला म्हणून मीच म्हणाले होते सरांना. विद्यार्थ्याच्या नावानं कोण बघतंय?"

"असं होय सर?"

प्राचार्य माझ्याकडं बघत होते. अंगदही. चैताली बघत नव्हती. ती कीबोर्डवरची धूळ बोटानं पुसत होती.

"हो," मी म्हणालो. "म्हणजे, तसंच."

कॉल संपल्यावर प्राचार्य आणि अंगद चहाला गेले. चैताली वायरी गुंडाळत होती. मी दाराशी घुटमळलो.

"चैताली, तू असं कावून सांगितलंस?" मराठवाड्याची बोली मी वर्गात कधी बोलत नाही. त्या दिवशी आली.

तिनं वायरीचं वेटोळं नीट खणात ठेवलं. "जूनमध्ये तासांची यादी तुम्हीच पाठवता ना सर."

एवढंच. रागानं नाही, टोमणा म्हणूनही नाही. एसटीची वेळ सांगावी तसं.

"आणि तुझं काही अडलं असतं का, नाव असतं तर?"

"हैदराबादच्या एका संशोधन संस्थेत जागा निघाली आहे, असे प्रोग्राम लिहायची. त्यांना स्वतः लिहिलेलं काम दाखवावं लागतं." ती खण लावून घेत होती. "माझ्याकडं दाखवण्यासारखं तेवढंच आहे. पण ते तुमचं आहे आता. बघू, दुसरं लिहीन." मग घड्याळाकडं बघून "सर, माझा तास आहे" म्हणाली आणि गेली.

मी स्टाफरूममध्ये येऊन वही उघडली. वत्सलाबाईंच्या पानावर मी एकदा लिहिलं होतं: दुसऱ्यानं लिहिलेलं स्वागतगीत स्वतःचं म्हणून गायलं. तारीख घालून. पुढं तीन उद्गारचिन्हं.  मी वही मिटली, आणि आठवडाभर लॅबच्या बाजूचा जिना सोडून दुसऱ्या जिन्यानं जात राहिलो. चैताली समोरून आली की ती "नमस्कार सर" म्हणायची, आणि तो नमस्कार घेताना मला कळायचं की हासुद्धा मी उचललेलाच आहे.

दुसरी बैठक पत्रिका छापायला देण्यासाठी होती. कच्च्या मसुद्यात दुसऱ्या दिवसापुढं लिहिलं होतं: 'विहीर' प्रोग्रामचं वाचन, सादरकर्ते प्रा. डॉ. गहिनीनाथ शिनगारे. खाली बारीक अक्षरात: साहाय्य, चैताली सरवदे.

"एक दुरुस्ती आहे," मी म्हणालो. घरून पाठ करून गेलो होतो. "तिथं चैतालीचं नाव टाका. माझं काढा. तो प्रोग्राम तिचा आहे. मला तो वाचताही येत नाही."

 प्राचार्यांनी टेबलावर थाप मारली.

"याला म्हणतात गुरू!"

"सर," वत्सलाबाई चष्मा पुसत म्हणाल्या, "आजकाल शिष्याला पुढं करून स्वतः मागं राहणारा माणूस बघायला मिळत नाही हो."

"नाही, नाही," मी घाईनं म्हणालो, "मोठेपणा नाही हा. मला खरंच येत नाही."

"बघा, वरून नम्रपणा," प्राचार्य म्हणाले. "एकविसावा सत्कार शिनगारे सरांचा. कार्यशाळेतच करू."

"माझी अडीच मिनिटं वाढली," अंगदनं कागदावर खूण केली. "शाल एक जास्तीची सांगतो."

 चार वर्षं खोटं बोललो तर लोकांनी खरं मानलं, आणि आता खरं बोललो तर शाल घेऊन उभे राहिले. आणि सांगायला लाज वाटते, पण क्षणभर, अर्धा क्षण म्हणा, मनात आलं की हेही काही वाईट नाही. तिचं नाव लागतंय, माझं मोठं होतंय, सगळे खूश आहेत. खुर्चीत मागं रेलायला मी सुरुवातही केली होती.

चैताली खाली मान घालून इतिवृत्त लिहीत होती. 'प्रा. शिनगारे यांनी मोठ्या मनाने' इथपर्यंत तिचं अक्षर मला उलटं दिसलं. इतकं नीट, वळणदार अक्षर.

"चैताली," मी म्हणालो, "थांब. लिहू नको. तू सांग यांना. त्या प्रोग्राममधली एक तरी ओळ मी सांगितली होती का?"

तिनं पेन थांबवलं. माझ्याकडं बघितलं, मग प्राचार्यांकडं.

"जूनची यादी या वर्षी माझ्याकडं राहणार नाही," मी म्हणालो. "प्राचार्य साहेब, ती दुसऱ्या कुणाकडं द्या, मी तसं लिहून देतो. सांग."

 बाहेर कुणीतरी सायकलींच्या रांगेला धक्का दिला आणि दोन-तीन सायकली पडल्याचा आवाज आला.

"न्हाई सर," ती शेवटी म्हणाली. मग पुस्तकी वळणावर यायचा तिनं प्रयत्नही केला नाही. "एकच ओळ तुमची हाय. नावाची."

वत्सलाबाई टेबलावरच्या फुलदाणीकडं बघू लागल्या. प्राचार्यांनी मसुदा उचलला, दोनदा उलटसुलट केला, खाली ठेवला. अंगद असा माणूस आहे की मयतीतही त्याला चार शब्द सुचतात. त्यालाही सुचले नाहीत. त्यानं फक्त कागदावरची एकविसावी खूण खोडली.

"हे इतिवृत्तात घ्यायचं का?" प्राचार्यांनी विचारलं. मला नाही, हवेलाच.

"घ्या," मी म्हणालो.

"कसं लिहू सर?" चैतालीनं विचारलं.

"म्हणालीस तसंच."

तिनं 'मोठ्या मनाने'वर एक आडवी रेघ ओढली आणि लिहिलं. मी त्यावर सही केली. त्याच दुपारी तिला शेजारी बसवून, ती सांगेल तिथं बोट दाबत, प्रोग्रामवरचं नाव मी माझ्या हातानं परत बदललं. दोनशे पंधरावा बदल. आरोही मॅडमना सगळं लिहून कळवलं. त्यांचं उत्तर एका ओळीचं आलं: दुसऱ्या दिवसाचं सत्र चैताली घेतील, तुम्हाला शिकायचं असेल तर अर्ज भरा.

अर्ज ऑनलाइन होता. विषय कुठला, कॉलेज कुठलं, हे भराभर भरलं. मग आलं: आपण स्वतः लिहिलेल्या एखाद्या प्रोग्रामबद्दल थोडक्यात सांगा. रिकामं सोडून पुढं जायला बघितलं तर जाऊ देईना. त्या चौकटीभोवती लाल रेघ आली. मी 'नाही' लिहिलं. तेव्हा सोडलं.

सत्तेचाळीस अर्ज आले होते. निवड चैताली आणि आरोही मॅडमनी मिळून केली. सोमवारी यादी फलकावर लागली. तीस नावं, आणि खाली प्रतीक्षा यादी. तिच्यात मी चौथा.

"अहो, समन्वयक तुमी," अंगद माझ्या शेजारी उभा राहून म्हणाला, "अन् तुमालाच जागा न्हाई? थांबा, चैतालीला फोन लावतो."

"लावू नका."

ती तिकडूनच येत होती. यादीचा एक कोपरा वाऱ्यानं सुटला होता, तो लावायला.

"सर, ज्यांनी थोडं तरी लिहिलंय त्यांना आधी घेतलं," ती म्हणाली.

"बरोबर केलंस."

"तुम्हाला बसायचं असेल तर मागं एक खुर्ची ठेवते."

"नको. वरचे तिघं आले नाहीत तर बघू."

तिनं मान हलवली, पिन अंगठ्यानं दाबून बसवली आणि तासाला गेली. मधली सुट्टी झाली होती. पोरं फलकापुढं गर्दी करून आपल्या सरांची नावं शोधत होती. माझं नाव सापडलं की एकमेकांना कोपरानं ढोसत होती, आणि मग मागं वळून मी अजून उभा आहे का ते बघत होती. मी उभा होतो.